तराजू कोणाच्या हाती?
आनंदीबाई जोशी, पंडिता रमाबाई आणि डॉ. रखमाबाई : तीन चरित्रांचे फेरवाचन

१

फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये काढलेले एक छायाचित्र मराठी वाचकांच्या चांगले परिचयाचे आहे. त्यात तीन विद्यार्थिनी आहेत : साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनो घातलेल्या जपानच्या केइ ओकामी आणि सिरियाच्या पारंपरिक वेशातल्या साबात इस्लामबुली. महिला दिनाच्या आसपास हे छायाचित्र मोबाइलवरून हटकून फिरते. सोबतच्या ओळींचा अर्थ दरवर्षी साधारण तोच असतो. या बायका सातासमुद्रापार गेल्या, डॉक्टर झाल्या, पण आपला वेश त्यांनी सोडला नाही.

या वाक्यातला 'पण' मला अनेक वर्षे खटकत आला आहे. एका पारड्यात शिक्षण, प्रवास, पदवी आणि दुसऱ्या पारड्यात साडी, कुंकू, शाकाहार, अशी मांडणी त्या एका शब्दाने होते. दोन्ही पारडी समान राहिली की आपण त्या बाईला शाबासकी देतो. 'तोल सांभाळला' हा आपला अशा वेळचा आवडता शब्दप्रयोग. चरित्रे, कादंबऱ्या, चित्रपट, सत्काराची भाषणे आणि लग्नाच्या जाहिराती या सगळ्यांत तो आढळतो. मात्र तराजू आला की तो कोणाच्या तरी हातात असतो आणि वजने कोणी तरी ठरवलेली असतात. तोलाचे कौतुक करताना तिकडे सहसा आपले लक्ष जात नाही.

या लेखात मी एकाच पिढीतल्या तीन मराठी स्त्रियांची चरित्रे शेजारी शेजारी ठेवून वाचणार आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा, रखमाबाईंचा १८६४ चा आणि आनंदीबाईंचा १८६५ चा. तिघींनी समुद्र ओलांडला, तिघींनी परक्या देशात शिक्षण घेतले आणि आपला वारसा तिघींनीही टाकून दिला नाही. तरीही समाजाने तिघींचा निवाडा अगदी वेगवेगळा केला. तो तसा का केला, याचे उत्तर कोणी किती परंपरा जपली या मोजमापात सापडत नाही, असे मला दिसते. काय जपायचे आणि काय सोडायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येकीने कोणाकडे ठेवला, यात ते सापडते.

२

आधी दोन प्रवास पाहू. १८८३ च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. त्याच महिन्यात रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. दोघी एकमेकींच्या नात्यातल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे अशी दोघींची इच्छा होती. श्रवणशक्ती कमी होत गेल्याने रमाबाईंना तो विचार सोडावा लागला. परदेशात दोघीही साडीच नेसत आणि शाकाहारीच राहिल्या. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून फिलाडेल्फियाला गेल्या. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेले उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे आपले इंग्रजी पुस्तक त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीला अर्पण केले.

जपलेल्या गोष्टींची यादी करायला बसलो तर या दोघींच्या याद्या जवळजवळ सारख्या होतील. फरक पडतो तो एका नोंदीने. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. आनंदीबाई मात्र हिंदू म्हणून गेल्या आणि हिंदू म्हणूनच परतल्या.

या एका नोंदीने दोघींची जागा कशी बदलली, याची गमतीदार साक्ष एका पुस्तकाच्या शीर्षकात आहे. कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने १८८८ साली बोस्टनहून आनंदीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. त्याच्या शीर्षकातच आनंदीबाईंची ओळख 'पंडिता रमाबाईंची नातलग' अशी करून दिली आहे. अमेरिकेत तेव्हा रमाबाईंचे नाव मोठे होते आणि त्या नावाच्या आधाराने आनंदीबाईंची ओळख होत होती. महाराष्ट्रात पुढची शंभर वर्षे चित्र नेमके उलटे राहिले. आनंदीबाईंवर कादंबरी, नाटक, मालिका, चित्रपट असे सगळे झाले. रमाबाई मात्र बराच काळ एक तर मिशनरी वर्तुळात उरल्या, नाही तर एखाद्या वादाच्या तळटिपेत.

३

आनंदीबाईंची गोष्ट आपण कशी सांगत आलो, हे आता पाहू. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली आणि मराठी घराघरांत वाचली गेली. समीर विद्वांस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या चित्रपटाचे नावही तेच. दोन्हींचे शीर्षक जोडीचे आहे आणि कथेचा कणाही जोडीचाच. गोपाळराव हट्टी, तऱ्हेवाईक, पण बायकोला शिकवण्याच्या ध्यासाने पेटलेले. आनंदी आधी त्यांच्या धाकात आणि मग त्यांच्या स्वप्नात सामील होणारी. श्री. ज. जोशींची सांगण्याची हातोटी अशी की गोपाळरावांचा जाचसुद्धा वाचकाला ध्यासाचा भाग वाटू लागतो. कादंबरीचे हे यश आहे आणि तिची मर्यादाही मला इथेच दिसते. जोडीची कथा म्हटली की तिच्यात दोघांचा निर्णय एकच होऊन जातो. आनंदीबाईंचे स्वतःचे असे काय होते, हा प्रश्न विचारायला मग जागाच उरत नाही.

तो प्रश्न विचारायचा तर त्यांच्या पत्रांकडे जावे लागते. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंच्या निधनानंतर काही वर्षांतच त्यांचे मराठी चरित्र लिहिले, त्यात या पत्रांचा भरपूर उपयोग केला आहे. काशीबाई स्वतः लग्नानंतर घरच्यांच्या नजरा चुकवत वाचायला शिकलेल्या. त्यामुळे शिकणाऱ्या बाईला घरात काय काय सोसावे लागते हे त्यांना कोणी सांगायला नको होते. अलीकडच्या काळात मीरा कोसंबी यांनी हीच पत्रे पुन्हा बारकाईने वाचली आणि एकसंध वाटणाऱ्या आनंदीबाईंच्या प्रतिमेत किती तडे आहेत ते दाखवले. एका पत्रात लहानपणी नवऱ्याकडून मिळालेल्या माराचा, अंगावर फेकलेल्या वस्तूंचा, सोडून जाण्याच्या धमक्यांचा हिशेब आनंदीबाईंनी मांडला आहे. त्या वागणुकीने आपले भले झाले की वाईट, हे आपल्याला ठरवता येत नाही, अशा अर्थाचे त्या लिहितात. विशी न ओलांडलेली बाई हे हजारो मैलांवरून नवऱ्याला लिहिते आहे. गृहिणीधर्माच्या चौकटीत राहून इतके बोलता येते, हे त्या पत्रातून कळते.

मात्र हीच आनंदीबाई चारचौघांत बोलते तेव्हा वेगळी असते. परदेशी निघण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांचे भाषण झाले. ते कलकत्त्याजवळचे श्रीरामपूर, तेव्हा गोपाळरावांची नोकरी तिथल्या टपाल खात्यात होती. अमेरिकेलाच का, एकटीच का, जातीने वाळीत टाकले तर काय, अशा लोकांच्या प्रश्नांना आनंदीबाईंनी एकेक करून उत्तरे दिली. आपले आचार आपण तिथेही पाळू, हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणून परत येऊ, असे त्यांनी जाहीर केले. अमेरिकेत तर एका सभेत त्यांनी चक्क बालविवाहाची बाजू मांडली. ऐकायला आलेल्या सुधारक बायका चकित झाल्या. नवव्या वर्षी लग्न झालेली आणि चौदाव्या वर्षी पोटचे पोर गमावलेली ही बाई. खासगी पत्रात जे दुखणे म्हणून आले, त्याचे परक्यांसमोर समर्थन करणे तिला भाग वाटले.

याला दुटप्पीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. त्या एकट्या नव्हत्या; त्यांच्याकडे एक देश, एक धर्म, एक जात यांचे वकीलपत्र आपोआप आले होते. गोपाळरावांनी १८७८ साली कोल्हापुरातून एका मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिले होते. ख्रिस्ती व्हा, मग पाहू, असा उत्तराचा रोख होता. तो पत्रव्यवहार एका अमेरिकन मासिकात छापून आला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी तो वाचला आणि पुढचा सगळा प्रवास शक्य झाला. थोडक्यात, अमेरिकेला जाण्याआधीच आनंदीबाईंच्या शिक्षणाचा आणि धर्माचा सौदा जोडला गेला होता. त्यांनी तो नाकारला, ही मोठी गोष्ट आहे. पण नाकारल्यावर क्षणोक्षणी 'आपण बदललो नाही' हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्या शरीरावर येऊन पडली.

शरीर हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. पेहरावाचा आणि आहाराचा प्रश्न त्यांच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतो. फिलाडेल्फियाची थंडी, अपुरा शाकाहार, एकटीने स्वयंपाक करून केलेला अभ्यास आणि वरचेवर येणारी आजारपणे. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली तेव्हा त्यांची प्रकृती ढासळलेली होती. प्राचीन हिंदू ग्रंथांतील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. वारशाचा हा अभ्यासू, कामाला येणारा उपयोग होता आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांची वाट पाहत होती. क्षयाने त्यांना तिथवर पोचू दिले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

आहारामुळेच किंवा साडीमुळेच त्या गेल्या असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्या काळात क्षयाला औषध नव्हते. म्हणणे एवढेच की ज्या निष्ठेचे आपण कौतुक करतो तिची किंमत कोणी मोजली, ही नोंद कौतुकाच्या शेजारी असायला हवी. शिवाय आनंदीबाईंना स्वतःच्या मिळकतीवर, स्वतःच्या दवाखान्यात, स्वतःच्या मताने जगून दाखवायला एक दिवसही मिळाला नाही. म्हणून त्या सर्वांना हव्या तशा वापरता आल्या. सनातन्यांना त्या आचार न सोडणारी पतिव्रता म्हणून दाखवता आल्या, सुधारकांना शिकलेली हिंदू स्त्री म्हणून, मिशनऱ्यांना हिंदू समाजाने बळी घेतलेली स्त्री म्हणून. मेलेली व्यक्ती मतभेद व्यक्त करत नाही.

४

रमाबाई जगल्या आणि मतभेद व्यक्त करत राहिल्या.

त्यांचा वारसा तसा कोणालाही हेवा वाटावा असा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल धर्मपंडितांपुढे उत्तरही दिले. मुलीला पुराणे मुखोद्गत होती. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. पुढे बंगालमधल्या ब्राह्मणेतर वकिलाशी, बिपिनबिहारी मेधावींशी, त्यांनी लग्न केले आणि दोन वर्षांत वैधव्य आले. १८८२ साली त्या पुण्यात आल्या, तेव्हा सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्याच वर्षी त्यांचे 'स्त्रीधर्मनीति' प्रसिद्ध झाले. ते आज वाचताना थोडे अवघडल्यासारखे होते. बायकांनी शिकावे, स्वावलंबी व्हावे हे त्यात आहेच. पण बायकांच्या दुर्दशेचा बराच दोष त्यांच्याच अज्ञानावर टाकलेला आहे आणि आदर्श जुनेच आहेत.

पाचच वर्षांनी आलेल्या इंग्रजी पुस्तकात दोषाची जागा बदललेली दिसते. तिथे मनुस्मृतीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. समीक्षक म्हणून मला लक्षात घ्यावेसे वाटते ते हे की दोन्ही पुस्तकांतली विद्या एकच आहे. ज्या संस्कृत पाठांतरामुळे पंडितांनी पदवी दिली, त्याच पाठांतराच्या बळावर रमाबाई शास्त्रांची उलटतपासणी करतात. वारसा टाकून दिलेल्या माणसाला हे जमले नसते. वारसा पूर्णपणे स्वतःच्या ताब्यात असलेल्या माणसालाच ते जमते.

याची दुसरी बाजू इंग्लंडमधल्या पत्रव्यवहारात आहे. ज्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आधार दिला, त्यांनाही रमाबाई जड गेल्या. शाकाहार सोडायला त्या तयार नव्हत्या. क्रुसावरचा मजकूर लॅटिनमध्ये कशाला, आपल्याला तो संस्कृतात हवा, असा त्यांचा वाद होता. त्रिमूर्तीच्या ख्रिस्ती सिद्धान्तावर त्या प्रश्न विचारत राहिल्या. सिस्टर जेराल्डिन यांना हा गर्व वाटला. पुण्याला जी बाई परकी झाली असे वाटत होते, तीच वाँटेजला अजून पुरेशी आपली झालेली नव्हती. दोन्हीकडची तक्रार तपासली तर एकच निघते. ही बाई सांगितलेले मुकाट्याने स्वीकारत नाही.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. तिथे विधवा मुलींना आपापले जातीचे आचार पाळायची मुभा होती. रमाबाईंची स्वतःची प्रार्थना मात्र दार उघडे ठेवून चाले आणि काही मुली तिथे येऊन बसत. 'केसरी'ने यावर रान उठवले. १८९३ साली रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. सक्ती होती का, हा वादाचा मुद्दा होता. रमाबाईंचे म्हणणे, सक्ती नव्हती आणि दार लावून घेण्याचीही सक्ती आपल्यावर नको.

याच सुमाराचा पुण्यातला दुसरा प्रसंग यासोबत ठेवून पाहावा. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना चहा दिला गेला. कोणी प्याले, कोणी नुसता कप हाती घेतला. पाहुण्यांची नावे वर्तमानपत्रात देऊन गहजब उडवून देणारे गृहस्थ म्हणजे आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशीच. ग्रामण्य झाले, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला. न्यायमूर्ती रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले. पत्नी रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त या प्रकरणाविषयी लिहिले आहे. रानड्यांच्या मनाला त्याचा त्रास झाला यात शंका नाही. पण व्यवस्था कशी होती ते पाहा. पुरुषाच्या आचारभंगाला ठरलेला दंड होता, तो भरला की माणूस पुन्हा पंक्तीत. पंडिता रमाबाईंच्या आचारभंगाला असा दर ठरलेला नव्हता. साडी, शाकाहार, मराठी, संस्कृत हे सगळे त्यांनी जमेला धरून दाखवले असते तरी खाते मिटले नसते. कारण तक्रार आचाराची नव्हती, अधिकाराची होती.

५

तिसरी गोष्ट रखमाबाईंची. आधीच्या दोघी ब्राह्मण; रखमाबाई मुंबईच्या सुतार समाजातल्या. वडील लवकर वारले. या समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले आणि त्याआधी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावावर केली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले. त्या माहेरीच राहिल्या, सावत्र वडिलांच्या घरी पुस्तकांत वाढल्या. १८८४ साली दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला, बायकोने नांदायला यावे म्हणून.

या खटल्याची हकिगत आपण 'परंपरा विरुद्ध सुधारणा' अशी सांगतो. कागदपत्रे वाचली की ही मांडणी डळमळते. वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हताच. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला प्रकार. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली रखमाबाईंच्या बाजूने निकाल देताना या मुद्द्यावर भर दिला होता. अपिलात तो निकाल टिकला नाही. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नांदायला जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र असा हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालच्या कायद्याने गेली होती. म्हणजे धर्मरक्षकांनी ज्या हत्याराने धर्म वाचवायचे ठरवले ते इंग्रजी होते, आणि इंग्रजांनी ते आपल्या घरी बोथटही करून टाकले होते. ज्या जातीतल्या रूढी स्त्रीला थोडी मोकळीक देत होत्या, त्या या सगळ्या धर्मचर्चेत कोणाच्याच मोजणीत आल्या नाहीत. परंपरा म्हणून काय मोजायचे हे तराजू धरणारा ठरवतो, ते असे.

'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने रखमाबाईंनी १८८५ साली टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहून बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर हल्ला चढवला. टोपणनावातही त्यांनी 'हिंदू' शब्द ठेवला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. निकालानंतर त्यांनी सांगितले की आपण तुरुंगात जाऊ. तशी वेळ आली नाही. १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई लंडनला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि पुढची कितीएक वर्षे सुरतेत, मग राजकोटला बायकांवर उपचार करत राहिल्या. आनंदीबाईंना जे मिळाले नाही ते त्यांना मिळाले : काम, मिळकत आणि म्हातारपण.

त्यांच्या आयुष्यातला एक तपशील मात्र चरित्रकारांना आजही अडखळायला लावतो. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हापासून रखमाबाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र वापरायला सुरुवात केली. जे लग्न मान्य नाही म्हणून तुरुंगाची तयारी ठेवली, त्याच लग्नाचे वैधव्य अंगावर घेतले. मोहिनी वर्दे यांच्या चरित्राने रखमाबाईंना मराठी वाचकांसमोर ठसठशीतपणे आणले, तरी या पांढऱ्या साडीचे कोडे काही सुटत नाही. कोणाला यात अखेरची शरणागती दिसते, कोणाला व्यवहार दिसतो. सुरतेतल्या विधवांच्या आणि पडद्यातल्या बायकांच्या घरांत शिरायला पांढरी साडी उपयोगी पडली असेल, हे खरेच.

मला वाटते, रखमाबाईंच्या मनात काय होते ते आपल्याला कळणार नाही, आणि कळायलाच हवे असा हट्टही धरू नये. कळते ते इतकेच की त्या वेळी त्या चाळीशीच्या स्वतंत्र, कमावत्या डॉक्टर होत्या. कोणतेही न्यायालय, कोणतीही जात त्यांना ते वस्त्र नेसायला लावू शकत नव्हती. १८८७ साली हुकमाने जे नाते लादले जात होते, त्यातली एक खूण १९०४ साली त्यांनी स्वतः उचलली. वस्त्र तेच असले तरी दोन प्रसंगांत अर्थ एकच राहत नाही. 'परंपरा पाळली की मोडली' एवढ्याच रकान्यांत लिहिणाऱ्या चरित्राला हा फरक नोंदवायला जागा नसते.

६

या तिघींवरून सगळ्या भारतीय स्त्रियांविषयी बोलणे घाईचे ठरेल. जपायला वारसा आहे, हे गृहीतकसुद्धा सर्वांना लागू नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग समाजातल्या मुलीने १८५५ साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. ज्या धर्माचे ग्रंथ आम्हाला वाचायची बंदी, तो आमचा कसा, असा तिचा रोखठोक प्रश्न होता. रमाबाईंना मनूची उलटतपासणी घेता आली, कारण वडिलांनी संस्कृत हाती दिले होते. मुक्ताला दिलेल्या वारशात ग्रंथ नव्हता, गळ्यात अडकवलेले अपमान होते. तिला तोल सांभाळायला सांगणे हीच थट्टा ठरली असती.

आणि हा प्रश्न एकट्या हिंदू समाजाचाही नव्हता. बंगालमध्ये बेगम रोकेया यांनी १९०५ साली 'सुलतानाज् ड्रीम' लिहून पुरुषांनाच पडद्यात बसवले आणि पुढे पडद्याच्या जाचाच्या हकिगती गोळा करून पुस्तक केले. पण १९११ पासून कलकत्त्यात मुलींची शाळा चालवताना त्या स्वतः बुरखा वापरत आणि मुलींची ने-आण पडदे लावलेल्या गाडीतून करत. पडदा नसता तर पालकांनी मुली पाठवल्या नसत्या. रखमाबाईंची पांढरी साडी आणि रोकेयांचा बुरखा या दोन गोष्टी एकच नाहीत. तरी दोन्हींतून दिसते की वारशाची खूण काही वेळा बाईनेच कामाचे साधन म्हणून हाती घेतलेली असते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती निष्ठेची किंवा शरणागतीची खूण वाटते.

या जुन्या हकिगती उगाळायचे कारण आजचे आहे. रखमाबाई सप्टेंबर १९५५ मध्ये वारल्या. त्याच वर्षी आलेल्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा शाबूत राहिला. १९८३ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैधच आहे असे सांगितले. आता तो पत्नीलाही लावता येतो, तुरुंगाची भीती नाही, हे खरे. तरी इंग्लंडने १९७० साली आपल्या कायद्यातून काढून टाकलेली गोष्ट आपण भारतीय कुटुंबसंस्थेच्या नावाने सांभाळतो आहोत.

कायद्याबाहेरही तेच. लग्नाच्या जाहिरातीत मुलगी उच्चशिक्षित, नोकरी करणारी आणि घरचे सणवार सांभाळणारी हवी असते. पगारही हवा आणि पुरणही. पुण्यात हे चालते तसे न्यू जर्सीच्या मराठी घरांतही चालते. तिथे तर गणपतीची आरास आणि मुलांचे मराठी यांचा भार अनेकदा बाईवरच जास्त असतो. संस्कृती टिकली असे मंडळाच्या वार्षिक सभेत म्हटले जाते तेव्हा ती कोणाच्या रजेच्या दिवशी टिकली, हे कोणी विचारत नाही. एखादीला हे सगळे मनापासून आवडत असेल आणि आवडावेही. आनंदीबाईंनाही आपली साडी आवडत असेल. पण आवडते म्हणून केलेले आणि हिशेब द्यावा लागतो म्हणून केलेले यांतला फरक बाहेरच्याला छायाचित्रात दिसत नाही. तो बाईच्या स्वतःच्या शब्दांत सापडतो.

म्हणून माझा आग्रह अखेर वाचनाविषयीच आहे. आनंदीबाईंची पत्रे, रमाबाईंचा पत्रव्यवहार आणि त्यांचे अमेरिकेचे मराठी प्रवासवृत्त, रखमाबाईंची वर्तमानपत्रांतली पत्रे हे सर्व साहित्य आज मिळू शकते. कादंबरी आणि चित्रपट जरूर पाहावेत, पण त्यांच्याबरोबर ही मूळ पाने वाचावीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याच्या छपाईचे काम तिथल्या बायकांनी केले. परक्या म्हणून बाजूला केलेल्या या बाईने आयुष्याची शेवटची वर्षे मराठी शब्द निवडण्यात घालवली, अवजड संस्कृत शब्द टाळून अडाणी बाईलाही कळेल असा शब्द शोधत. त्या निवडीचा वारसाही आपलाच आहे. तो अजून आपण नीट मोजलेला नाही.